विश्वजितचा भुताचा पिक्चर

रविवार, १२ जानेवारी

रक्ती परतायला आणलेलं बकऱ्याचं रगात कुणाला विचारून भिताडाला फासलं? रविवारचं जेवण बोंबललं की माझं! माझ्या नातीचा, पूर्णिमाचा, ठरलेला नवरा विश्वजित — त्यो भुताचा पिक्चर काढतोय. आमच्याच माडीवर, मोबाईलवर. भरदुपारी खिडक्यांना घोंगडी लावून रात्र केली. रगात थिजलं, गोळं गळून पडलं.

"आजी, वातावरण लागतंय."

म्हटलं, "वातावरण न्हवं बाबा, माशा आल्यात!"

सोमवार, १३ जानेवारी

आज मलाच भूत केलं. "केस सोडा आजी, हळू चाला." गुडघं गेल्यात, हळूच चालणार की!

बुधवार, १५ जानेवारी

मारायचं शूटिंग. मला खाली धाडलं. वर नुसती धाडधाड. पूर्णिमा जेवली न्हाय. "दमलोय मी," म्हणाली.

रविवार, २ फेब्रुवारी

पिक्चर बघितला. माडीवर पडदा, पोरांची ही गर्दी. अर्धा तास नुसता जिना आणि दार! भूत येईस्तवर माझी मेथीची जुडी निवडून झाली. पण खरं लिहायचं तर — रिकाम्या मोरीत नळ ठिबकतोय, कोण न्हाय, तेवढ्याला काटा आला अंगावर.

मारामाऱ्या मात्र आधीच कळत्यात. ढोल वाजणार, गडी कुऱ्हाड उचलून थांबणार, मग घाव, मग किंकाळी. मुंडकं उडालं तरी मला जांभई.

एकच मार येगळा. विश्वजितनं पूर्णिमाचं केस धरलं आणि डोकं भिताडावर आपटलं. ढोल न्हाय, थांबणं न्हाय. ती वरडली बी न्हाय. पोरांनी शिट्ट्या मारल्या — "काय ॲक्टिंग हाय!" विश्वजित हसला. "एका झटक्यात मिळाला त्यो शॉट."

त्यानं हात उचलायच्या आधीच पोरीनं कान झाकला हुता. ॲक्टिंग कुठली? ह्यो मार तिला पाठ हाय!

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोरीला न्हायला बसवून केस बाजूला केलं. कानामागं जुनं हिरवं, त्याच्या शेजारी ताजं काळंनिळं.

"कधीपासनं?"

"सुपारी फुटल्यापासनं. आजी, बाबांस्नी सांगू नको."

सांगितलं. त्यो बसला डोकं धरून — "लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांचं ऱ्हाऊ दे, पोरीच्या कानामागं बघितलंस काय?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लगीन मोडलं. मी मोडलं. संध्याकाळी त्यांची माणसं येणार. त्याच्या आईनं तोंड उघडायचं न्हाय. मामानं मधी पडायचं न्हाय. आमच्या पूर्णिमाला तर कुणी एक शबूद विचारायचा न्हाय. जाब विश्वजितनं द्यायचा — उभं राहून, माझ्याकडं बघून.