कालथ्याची झिजलेली कड

चि. एव्हराल्दोस,

झुल्मिराताईचा आशीर्वाद. तुझा खोकला थांबला असेल, पोटात वेळेवर काही जात असेल, असं धरून चालते. विचारपूस संपली. आता मुकाट्याने पुढचं वाच.

नाताळात घरी आलास, राजमा-भात दोनदा वाढून घेतलास, माझ्या गळ्यात पडून रडलास आणि शहरात परत गेलास. त्यानंतर चुलीमागचा लाकडी कालथा दिसेना. मी शेजारच्या लुर्दिसकाकूंवर संशय घेतला (सात आठवडे अबोला, बाई इतक्या भल्या, की त्यांना तो कळलाही नाही). मग पेरू उतरले. तांब्याची कढई चढवली, हातात नवाकोरा कालथा. त्याची सरळ कड कढईच्या गोल तळाला टेकेचना! चाळीस किलो पेरूंचा पाक खाली लागला. आणि त्याच दिवशी काकू वर्तमानपत्र घेऊन आल्या. त्यात तुझा दात विचकलेला फोटो, शेजारी पांढऱ्या भिंतीवर आपला कालथा!

तडक बस पकडून तुझं प्रदर्शन गाठलं. तू जेवायला गेला होतास म्हणून वाचलास. कालथ्याखाली पाटी: ‘आईचा हात’. समोर एक चष्मेवाली बाई डोळे पुसत होती. मला म्हणते, “बघा ना, लेकरासाठी किती झिजली माउली!” माझं टाळकंच सटकलं. कालथा खिळ्यावरून काढला आणि डाव्या हाताने तिला हवेत पाक ढवळून दाखवला. रखवालदार धावला. “अहो मावशी, कलाकृतीला हात लावायचा नाही!” म्हटलं, “अरे बाबा, हात लावूनच झालीय ती!” (कालथा त्याने पुन्हा खिळ्यावर टांगला, पण तो आपल्याच गावाकडचा निघाला. पेरूच्या वड्या कधी मिळतील म्हणून विचारत होता.)

इतका संताप आलाय की लिहिताना कागद फाटतोय. कालथा परत आण, नाहीतर दारात पाऊल टाकू नकोस.

तुझी ताई,
झुल्मिरा

ता. क. सोबत वड्या आहेत. करपल्यात. कुरकुर न करता संपव. दोन रखवालदाराला दे.

आणखी ता. क. कालथा राहू दे तिथेच, काकूंनी त्यांचा जुना दिलाय. फक्त पाटी बदल. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, आणि कालथ्याच्या दोन्ही कडा सारख्या होत्या. ती उजव्या हाताने ढवळायची. आता एकच कड झिजलीय, ती डाव्या हाताने, आणि घरात डावखुरी मी एकटीच. माझं नाव घाल, पूर्ण. आईला वाईट वाटणार नाही. ती असती तर तिनेच तुझा कान पिळला असता.