दाजींची रॅम

कडोदरा, सुरत
श्रावण, सन १९९९

श्रीयुत काशिनाथ दाजींच्या पायाशी भिकनचा नमस्कार पोचावा. आपला खोकला आणि ताईची कंबर आता कशी आहे? इकडे सगळे खुशाल. आमची सौ. मंगला स्वयंपाकघरातून नमस्कार सांगते.

आपण आपल्या टायपिंग क्लासातल्या कॉम्प्युटरची जुनी रॅम रुमालात गुंडाळून अमळनेरहून आणलीत आणि आमच्या नव्या रॅमशेजारी स्वहस्ते बसवलीत, त्याला काय म्हणावे! बोटभर पट्टी, पण तिच्यात म्हणे अख्खी साडी मावते, पदरासकट. बटण दाबले की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे चढू लागतात, आणि आम्ही सगळे उठून उभे राहतो. आकडा थांबला की मंगला हात जोडते. (मी रोज जोडत नाही. बहुतेक वेळा जोडतो.)

खरे नवल पुढेच. आमची लेक रंजना शेठसाठी दिवाळीची साडी कॉम्प्युटरवर काढत होती. पसंत पडली तर वर्षभराचे काम, नाही तर मी पुन्हा लूमवर. पण काठावरचा गुलाब पदराकडे निघाला की मध्येच थिजायचा, केलेले सगळे जायचे. रिपेरिंगवाला किरणभाई आत डोकावून म्हणाला, “भिकनभाई, बेउ साथे चालशे, पण धीमीना हिसाबे.” म्हणजे आमची नवी शंभरच्या वेगाची, आपली सहासष्टच्या, शेजारी बसल्या की नवीही सहासष्टनेच चालते! दाजी, अंगावर काटा आला. लूमवर जन्म गेला, पण शेजारी मागे पडला म्हणून कोणी आपला वेग कमी केलेला पाहिला नाही. आणि ह्या एवढ्याशा पट्टीला वडीलधाऱ्यांची केवढी चाड! किरणभाई पुढे म्हणाला की कधीकधी दोघींचे जमतच नाही, मग असे थिजते, एक काढा. (कोणती, ते त्याने बोटाने दाखवले. आम्ही तिकडे पाहिले नाही.) माझ्या धाकट्या भावाच्या, उखाच्या लग्नात आपल्या मानाच्या टोपी-टॉवेलला उशीर झाला, तर आपण भरल्या ताटावरून उठून स्टँड गाठला होता आणि ताईला वर्षभर माहेरी पाठवले नव्हते. इथे तर आपण स्वतः बसवलेली वस्तू! तेव्हा रंजना रडत रडत गुलाब पुन्हा काढत राहिली आणि आम्ही आपला मान राखत राहिलो.

शेवटी साडी झाली. शेठला पसंत पडली, वर्षाचे काम मिळाले. कॉम्प्युटर आता नुसता पळतो. सगळा आपलाच पायगुण, असे मंगला म्हणते.

आपला मेहुणा,
भिकन

ता. क. आपली रॅम सध्या कॉम्प्युटरात नाही. शेठ यायच्या दिवशी मंगलाने हळद-कुंकू वाहून ती अलगद बाहेर काढली आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली. गुलाब लगेच पदरापर्यंत गेला. तिला रोज ताजे फूल असते. याहून मोठा मान आमच्या घरात कोणाला नाही, तेव्हा राखीला ताईला पाठवायचे कृपा करून अडवू नये.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करतानाच आपले पत्र आले. ताईबरोबर दुसरी रॅम पाठवतो असे आपण लिहिले आहे. दाजी, आमचा देव्हारा लहान आहे.