उचलायचा नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

जुना फोन गेला! पोट फुगलं त्याचं. मागचं झाकण आपोआप वर आलं, भाकरीला पापुद्रा सुटतो तसं. मी दाबून बसवत होतो तर सून तेजस्विनी ओरडली, "नाना, हात लावू नका, फुटेल!" तिनेच चिमट्यात धरून गच्चीतल्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवला. इतकी वर्षं उशाला घेऊन झोपलो, आणि आता म्हणे फुटेल.

संध्याकाळी सोमनाथने नवा आणला. नुसती काच. बटण एक नाही. माझं बोट त्या काचेला कळेचना, कोरडं पडलंय. मुलगा म्हणाला, "बोटावर फुंकर मारा." मारली. चाललं! जादूच.

जुन्या फोनातली नावं तेजस्विनीने बसून एकेक नव्यात घातली. सोमनाथने वर आणखी कसलंसं अ‍ॅप टाकलं. फसवणुकीचे फोन येऊ नयेत म्हणून. हल्ली पोलीस बनून फोन करतात आणि म्हाताऱ्यांना घरातल्या घरात अटक करतात. डिजिटल अटक! मी विचारलं, "बेडी कुठून घालतात?" दोघं हसले. मला हसू आलं नाही. जेवणही गेलं नाही.

४ नोव्हेंबर

पहाटे इसाकची रिंग आली नाही.

नवा फोन आहे, रुळायला वेळ लागत असेल. मी माझी एक रिंग दिली, रोजच्यासारखी.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

आजही नाही.

कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितो. इसाक नांदगावला असतो, लेकीकडे. पहाटेची नमाज झाली की तो माझ्या फोनवर एक रिंग देतो आणि ठेवतो. मी उचलायचा नाही. मग मी त्याला एक देतो. तोही उचलत नाही. एक रिंग म्हणजे — उठलोय, बरा आहे. बस्स. फोनला पैसे पडायचे तेव्हा हे सुरू झालं. आता बोलणं फुकट झालं तरी आमचं तेच. इसाकच म्हणाला होता, "अरे, बोलायचं ते सगळं शालिमारच्या दुकानांवर बोलून झालं. आता नुसतं वाजवायचं." आणि पूर्ण वाजला, उचलावा लागला, तर समजायचं की वाईट बातमी. हाही नियम त्याचाच. हसत हसत घातला, पण माझ्या मनात बसला तो बसलाच.

संध्याकाळी तेजस्विनी रामकुंडावर घेऊन गेली. कुंभासाठी सगळे रस्ते उकरलेत, रिक्षा उड्या मारत गेली. पण पाणी बघून बरं वाटलं. दिवेच दिवे. काठावर जो तो फोन वर धरून उभा, त्या फोनांतही दिवे. पाण्यातले हळूहळू पुलाखाली गेले, हातातले तिथेच राहिले. मला वाटलं, रिंगाही अशाच वाहत जात असतील. दिसत नाहीत एवढंच. इसाकची निघाली असेल, मनमाडच्या अलीकडे धुक्यात कुठेतरी काठाला लागली असेल.

काय लिहितोय मी हे!

७ नोव्हेंबर

नाही आली.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात शालिमारचं माझं एसटीडी बूथ. काचेची केबिन, मीटरवर लाल आकडे पळतायत. आत एक बाई रिसीव्हर कानाला लावून उभी, बोलत काहीच नाही. मी काच वाजवली — "ताई, बोला की! आकडे पळतायत!" ती म्हणाली, "ऐकतेय मी." जाग आली तर पंखा फिरत होता आणि उन्हाचा पट्टा पलंगावरून खाली उतरला होता.

खरंच यायची अशी माणसं. तिकडे बाळ रडत असायचं, ते ऐकायला.

माझ्या बूथला लागून इसाकचं कॅसेटचं दुकान. गिऱ्हाईक गाण्यांची नावं सांगायचं, तो कॅसेट भरून द्यायचा. मग सीडी आली. मग त्याने पाटी लावली — मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील. त्यालाही रांग लागायची! मग गाणी हवेतूनच यायला लागली. माझं बूथ त्याच्या आधीच मेलं. लोक खिशातले फोन काढून बूथसमोरून बोलत जायचे, आत ढुंकून बघत नसत. इसाक म्हणाला, "कारभारी, आपण दोघं आवाज विकून खायचो. आता आवाजाला दुकान लागत नाही." दोघांनी कटिंग मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याने शटर ओढलं ते ओढलं.

एकेक वस्तू आली तेव्हा वाटायचं, आता हीच शेवटची. याच्या पुढे काय असणार? प्रत्येक वेळी पुढे काहीतरी होतंच. सगळं येऊन गेलं, आणि उरलं काय? तर एक रिंग. आणि आता तीही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सोमनाथ म्हणतो, "नाना, चेहरा का उतरलाय? इसाककाकांना सरळ फोन लावा ना. फुकट आहे."

कसा लावू? लावला आणि त्याच्या बायकोने, हमीदाभाभींनी उचलला तर? मागे भेटलो तेव्हा त्याला खोकला होता, आवाज बसला होता. "कॅसेट घासली," म्हणाला. तपासून घे म्हटलं तर मलाच म्हणाला, "तू आधी तुझं डोकं तपास, येड्या. रात्रंदिवस काळजी!"

फोन लावला नाही तोवर इसाक आहे.

माझी रिंग मात्र तिकडे वाजते. म्हणजे फोन चार्ज आहे. कुणीतरी चार्ज करतंय. कोण करतंय?

११ नोव्हेंबर

आज एकदम राग आला. रुसलाय तो! यंदा दिवाळीचा चिवडा पाठवायचा राहिला. चिवड्यावरून रुसणाराच माणूस आहे. एकदा जाडे पोहे निघाले तर आठवडाभर बोलला नव्हता, शेजारी बसून!

तू देत नाहीस ना? मग मीही देत नाही. दिली नाही.

१२ नोव्हेंबर

आजही दिली नाही. फोन पालथा घालून ठेवला.

चहाला चव नाही.  राग नव्हे हा.

१३ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवतो.

दुपारी तेजस्विनी माझा फोन घेऊन गॅसचा नंबर लावत होती. थांबली. म्हणाली, "नाना, हे कोण आहे? एकाच नंबरवरून लाल लाल केवढे आलेत!"

"कुठला नंबर?"

तिने पहिले चार आकडे वाचले. पुढचे मी म्हणालो, न बघता. "इसाकचा आहे तो!"

"मग सेव्ह का नाही केला?"

"पाठ आहे की मला!"

"अहो नाना, तुम्हाला पाठ आहे, फोनला कुठं पाठ आहे?"

असं झालं तर! बूथवर बसून बसून नंबर पाठ व्हायची सवय लागली. शाळा सातवीत सुटली, पण गिऱ्हाइकांची सासर-माहेरं डोक्यात असायची. नाव घालून ठेवायचं ते ज्यांचा नंबर विसरेन त्यांचं. गॅसवाल्याचं, पाण्याच्या टँकरवाल्याचं. इसाकचं कशाला? जुन्या फोनातही नव्हतं. म्हणून नव्यातही आलं नाही. आणि सोमनाथचं ते अ‍ॅप, ज्याला नाव नाही त्याचा आवाजच दाबतं. त्याच्या नंबराखाली लिहिलं होतं — अनोळखी.

गॅसवाला ओळखीचा. टँकरवाला ओळखीचा. इसाक अनोळखी!

तेजस्विनी यादीच्या तळापासून बोटाने वर वर सरकवत होती. रोज पहाटेची एक. एकही दिवस चुकला नव्हता. आणि माझी जायची, तीच त्याला उत्तर वाटायची. त्याच्या बाजूने सगळं सुरळीत होतं. मग मी रुसलो ते दोन दिवस आले. ती नुसती सरकवत राहिली. पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी — ओळीवर ओळ. संपेचना. मी खाली बसलो, पायरीवरच.

"काय नाव टाकू? इसाककाका?"

"नुसतं इसाक टाक."

भर दुपार होती, तरी तिथल्या तिथे एक रिंग दिली. काच हातात धरून बसलो. आणि उजळली! इसाक. एकदा वाजला आणि थांबला.

तेजस्विनीने तोंड फिरवलं, म्हणाली, "कांदा चिरत होते मघाशी." आज गुरुवार, आमच्याकडे कांदा नसतो.

१४ नोव्हेंबर

पहाट. धुकं इतकं की समोरची बिल्डिंग पुसून टाकल्यासारखी. मी अर्धा जागा, अर्धा कुठेतरी. स्वप्नात इसाकच्या सायकलची घंटी वाजली. वळून बघितलं तर सायकल नाही, शालिमार नाही. काच उजळली होती आणि तिच्यात त्याचं नाव. छताला निळा उजेड लागला, हलला आणि गेला.

मी माझी दिली. कूस बदलली. पाण्यात दिवा सोडल्यावर हात कसा हलका होतो, तसं वाटलं.

१५ नोव्हेंबर

रिंग आली. चहा गोड लागला.

पण एक गोष्ट मनातून जाईना. दोन दिवस वाजवत बसला, एवढी काळजी होती, तर सोमनाथला का नाही लावला? सोमनाथचा नंबर आहे इसाककडे. "कारभारी कुठाय?" एवढं विचारायचं होतं. बोलायला काय झालं होतं त्याला?

१६ नोव्हेंबर, रविवार

तेजस्विनीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारताय, नाना? त्यांनाच विचारा." वर म्हणते, "तुमचे नियम तुम्ही केलेत ना? मग तुम्हीच मोडा."

बोलणं सोपं आहे. दिवसभर बोटावर फुंकर मारतोय आणि फोन ठेवून देतोय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोडला. पूर्ण फोन लावला. हमीदाभाभींनी उचलला, त्याच घाबरल्या — "भाऊ, सब ठीक ना?" म्हटलं, ठीक. इसाकला द्या, बोलायचंय. त्या मग म्हणाल्या, "ते बोलत नाहीत आता, भाऊ. उन्हाळ्यात गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. तुम्हाला सांगू देत नव्हते. पाटीवर लिहून दाखवलं, कारभारी झोपणार नाही. तुमची रिंग येईना तेव्हा मी म्हटलं, सोमनाथला लावते, तर फोन हातातून सोडेनात. नुसते वाजवत बसले."

त्याच्या कानाला लावा म्हटलं.

तिकडे नुसता श्वास.  "इकडे लय धुकं पडलंय रे," म्हणालो. मग चिवड्याचं सांगितलं. मग बोलतच राहिलो, दोघांचंही.