दहा मिनिटं उघडी राहिलेली डबी

मॅडम,

तुमचा तीन लिटरचा कुकर अजून माझ्याकडे आहे. रिंग दोनदा बदलली, शिट्टी एकदा. दिल्लीत, मुनिरक्यातल्या माझ्या खोलीवर तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी चहाच्या पातेल्यात भात शिजवत होते. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्या टेबलावर हा कुकर ठेवलात आणि म्हणालात, "पीएचडी पाच वर्षं चालेल, पोट थांबणार आहे का तेवढं?" दिल्लीतच सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या तुम्ही, तुमच्या मराठीत निम्मं हिंदी. "ते सॅम्पल ठेव ना यार तिकडे," असं एखादी गाईड म्हणू शकते हे मला साताऱ्याहून आल्यावर खरंच वाटेना. पहिल्याच महिन्यात मी क्वार्ट्झची एक महागडी नळी फोडली. तुम्ही कॉरिडॉरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलात, मी रडले, आणि मग तुम्हीच चहा मागवलात. "हाच नियम," म्हणालात. "चूक झाली की येऊन सांगायचं. मी ओरडणार, तू रडणार, मग चहा." इतकं सोपं करून ठेवलं होतंत तुम्ही सगळं. म्हणूनच मला माझी जास्त चीड येते.

त्या वर्षी आपल्याला रिअॅक्टरवर चार दिवस मिळाले होते. वर्षभर वाट पाहून मिळालेले चार दिवस. न्यूट्रॉनचा झोत आपल्या पदार्थावर सोडायचा, तो कसा विखुरतो ते मोजायचं आणि त्यावरून आतले अणू कसे बसलेत ते ओळखायचं, एवढंच काम. पण पदार्थात साधा हायड्रोजन असला तर तो न्यूट्रॉन असे काही चहूकडे उधळतो की बाकी काही ऐकूच येत नाही. शेजारी मिक्सर चालू असताना रेडिओ ऐकावा तसं. म्हणून तुम्ही आपला पदार्थ, म्हणजे ते एक प्रकारचं मीठ, साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेल्या जड पाण्यात विरघळवून पुन्हा स्फटिक करायचात, एकदा नाही, चारदा. जड पाणी मिळवायला किती अर्ज केले होतेत! तीन महिने तुम्ही ते काम कुणाला हात लावू दिलं नाहीत. पावडर तयार झाल्यावर मात्र ती बोटभर डबीत भरून सील करायचं काम मला दिलंत. कोरड्या हवेच्या पेटीत, रबरी हातमोज्यांतून. बाहेरची हवा लागली तर ही पावडर ओल ओढून घेते, आणि ओलीबरोबर नेमका तोच हायड्रोजन.

मी डबी भरली, सील केली, आणि मग फॉर्म भरताना लक्षात आलं की रिकाम्या डबीचं वजनच केलेलं नाही. तो रकाना कोरा. जुलै महिना, भिंतीसुद्धा घामेजलेल्या. दुसरी तसलीच रिकामी डबी तोलून आकडा लिहिला असता तरी भागलं असतं, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हेच सांगितलं असतंत. पण तुम्ही मीटिंगमध्ये होता, संध्याकाळची गाडी होती, आणि मला मूर्खासारखं वाटलं की अचूकच वजन हवं. मी डबी बाहेर, साध्या टेबलावर उघडली, पावडर बटर पेपरवर काढली, डबी तोलली, पुन्हा भरून सील केली. दहा मिनिटं. फार तर बारा. वहीत त्यातलं अक्षरही लिहिलं नाही.

गाडीत तुम्ही ती डबी पर्समध्ये घालून पर्स मांडीवर धरून बसला होता. जेवतानासुद्धा खाली ठेवली नाहीत.

रिअॅक्टरवरची दुसरी सकाळ. आलेख पडद्यावर हळूहळू उमटतोय. टोकं दिसायला हवीत तिथे नुसता फुगवटा, सगळीकडे सारखा. तुम्ही चष्मा काढता, पुसता, पुन्हा लावता. तिथले दोन सायंटिस्ट मागे उभे आहेत. तुम्ही माझ्याकडे वळता, आवाज अगदी साधा आहे. "डबी कुठे उघडली होती का गं?" मी म्हणते, "नाही मॅडम." "बिल्कुल नाही?" "बिल्कुल नाही." तुम्ही मान हलवता. "अच्छा. म्हणजे माझंच चुकलं." आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसता.

तुम्ही तसं लेखीही दिलंत. "पदार्थ तयार करण्यात दोष, जबाबदारी माझी." पुढच्या वर्षी वेळ मिळाला नाही. सेमिनारमध्ये एक बडे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, इस बार पानी तो चेक कर लिया ना?" हॉल हसला. तुम्हीही हसलात. मी दुसऱ्या रांगेत होते आणि, सांगायला लाज वाटते, मीही हसले. मला तुम्ही दुसरा पदार्थ दिलात, त्यावर माझी पीएचडी झाली, नोकरी लागली. तुम्ही मात्र दोन वर्षं तीच कृती उलटसुलट करून बघत राहिलात. कुठे चुकलं, कुठे चुकलं. मग सोडून दिलंत.

तुमच्या रिटायरमेंटनंतर मी घरी आले होते तो दिवस आठवतो. स्वयंपाकघरात तुम्ही पोहे परतत होता, आणि गॅस बारीक करून आतून एक पेपर आणलात. परदेशातल्या कुणी त्याच मिठावर काम केलं होतं. आलेखावर टोकं कशी स्वच्छ, रेखीव. "हे बघ, कृती तर आपलीच आहे. पायरी न पायरी. मग यांना कसं जमलं?" तुम्ही खरंच विचारत होता, मॅडम. ओट्यापाशी आपण दोघीच होतो. मी म्हणाले, "त्यांचं जड पाणी जास्त शुद्ध असेल." तुम्ही थोडा वेळ विचार केलात आणि म्हणालात, "हां, असेल." मग मला पोहे वाढलेत, वर खोबरं, आणि मी ते खाल्ले. मागून घेऊन खाल्ले.

आता माझ्याही हाताखाली मुलं आहेत. परवा एक विद्यार्थिनी दारात उभी राहून म्हणाली, "मॅम, सॅम्पल मुझसे खुला रह गया." मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले. चहाबिहा काही मागवला नाही. राग सॅम्पलचा नव्हताच. ती पोरगी किती सहज सांगून मोकळी झाली, त्याचा होता.

तुमच्या मुलीचा गाझियाबादहून मेसेज आला आहे. तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक करतेय, चार ओळी लिहा म्हणते. मी कुकरबद्दल लिहिलं, नळी फुटली त्याबद्दल लिहिलं, आणि पाठवलंही. छान झालंय, म्हणाली. हे तिला पाठवणार नाही. तुमची कृती बरोबर होती एवढं एक वाक्य तिला लिहिता आलं असतं, पण मग पुढचा प्रश्न आला असता.

आणि एक. तुम्ही गेलात तेव्हा तिनेच फोन केला होता. मी नंतर रडले, दोन दिवस रडले, ते खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्या ठेवल्या पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच होतं. सुटले, असं वाटलं. आता कुणी विचारणार नाही.