नियमात बसते

सोमवार, ३ मार्च
देवा रे! मोबाइलवर व्हिडिओ फिरतोय — धाकट्या जावेचा फोटो, नर्सच्या कपड्यातला, आणि खाली लिहिलंय, 'ही बाई प्रसूतिगृहात बाळं बदलते.' बावीस वर्षं लोकांची बाळं झेलली तिनं! लाखावर माणसांनी पाहिलाय. भाजीवाली मलाच विचारते, "खरंय का हो मावशी?"

मंगळवार, ४ मार्च
मॅट्रिकला अर्जलेखनात पैकीच्या पैकी होते मला. म्हटलं, व्हिडिओवाल्या कंपनीला रीतसर अर्ज करू. आधी जुन्या बिलाच्या पाठीवर कच्चा लिहिला, मग पक्का. पत्ता काय घालू? पत्ताच नाही! जगाचे पत्ते ठेवणाऱ्या कंपनीला स्वतःचा नाही!
पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, "काकू, कंपनी समुद्रापार. आमचा हात नाही पोचत. मोबाइलवरच तक्रार करा."
माझी थोरली लेक अशाच कुठल्याशा कंपनीचं काम करते — काय करते, ते घरी सांगायची बंदी. म्हणाली, "आई, नको करूस. उपयोग नाही गं."
मी केलीच. देवाचं नाव घेतलं नि बोट टेकवलं.

बुधवार, ५ मार्च
उत्तर आलं. 'ही पोस्ट आमच्या नियमात बसते.' एवढंच. खाली सही नाही, शिक्का नाही.
जावेला म्हटलं, रजा टाक. तर म्हणे, "ताई, घरी बसले तर लोक म्हणतील, खरंच होतं."

शुक्रवार, ७ मार्च
थोरली भरल्या ताटावर रडली.
"आपल्या भाषेतल्या तक्रारी आमच्याच खोलीत येतात, आई. तुझी माझ्यासमोर आली. एकेका तक्रारीला आठ सेकंद मिळतात. रक्त नाही, शस्त्र नाही, उघडं अंग नाही. 'खोटं' असा रकानाच नाही गं यादीत! मी दाबलं — नियमात बसते."
"अगं, काकू ना ती तुझी!"
"ओळखलं होतं. घरच्यांची बाजू घेतली की नोकरीवरून काढून टाकतात."
हिला ही नोकरी लागावी म्हणून मीच देवाला साकडं घातलं होतं!

शनिवार, ८ मार्च
ड्यूटीवरून निघताना दारातच दगड मारला जावेला. कपाळाला सात टाके. कुणीतरी त्याचाही व्हिडिओ टाकला. तो थोरलीनं अकरा मिनिटांत काढला — रक्त दिसत होतं म्हणून.
पहिला अजून चालूच आहे.