गोळी विभूतीच्या डबीजवळ आहे

अहो,

अक्कलकोटला थोरल्या अक्कांकडे चालले आहे. भावजींना जाऊन उद्या वर्ष होतंय, अक्कांना सोबत लागेल. तुम्ही उद्या सकाळी दुकान बंद ठेवून या.

तुमची नवी गोळी विभूतीच्या डबीजवळ ठेवली आहे. पूजा तुम्ही कधी चुकवत नाही, आता गोळीही चुकणार नाही.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुकानात पेढे वाटलेत म्हणे. आणि रक्तातले कण मोजायच्या दुसऱ्या तपासणीत काय निघालं, ते कुणी सांगायचं? डॉक्टरांनी माझ्यासमोरच समजावलं की! कोलेस्टेरॉल तेवढंच असलं, तरी ते दोन एसटीतून आलं की चाळीस रिक्षांतून, यानं फरक पडतो. तुमच्या रक्तात बारीक कणांच्या रिक्षा लई झाल्यात, आणि त्या नसांच्या भिंतीत घुसून बसतात. "आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," हे डॉक्टरांना पुन्हा ऐकवू नका. अंड्याला हात लावला नाहीत, पण गव्हाच्या गोड हुग्गीला कधी नको म्हणालात?

डब्यात कडक भाकरी आणि मेथीची भाजी आहे. हुग्गी केलेली नाही, शोधू नका.

भावजींचाही पहिला रिपोर्ट नॉर्मलच होता. डॉक्टरांनी त्यांनाही अशीच गोळी दिली होती. ते पाकीट अक्कांनी अजून टाकलेलं नाही, आणि त्यातली एकही गोळी कमी झालेली नाही.

मला तसलं पाकीट सांभाळत बसायचं नाही.

शिवलीला