तुलनेसाठी घेतलेली बाई

९ सप्टेंबर

तुलनेसाठी! मला म्हणे तुलनेसाठी घेतलंय. हॉस्पिटलात कसलासा अभ्यास चालू आहे. दिवस भरायच्या आधीच काही बायका बाळंत का होतात, पोटातलं ओझं कुठे आणि किती ताण देतं, वगैरे. खरं बोलावणं मोठ्या जाऊबाईंना. मागच्या वर्षी सहाव्या महिन्यात त्यांचं बाळ गेलं, आता पुन्हा दिवस आहेत, म्हणून अख्खं घर त्यांना तळहातावर झेलतंय. त्या मात्र माझ्या मागेच लागल्या. “एकटीला भीती वाटते गं, तूही चल ना. तुलाही पाचवा लागलाच आहे.” गेले. तिथे एक धडधाकट बाईही हवीच होती म्हणे. मी शाळेत खेळाची शिक्षिका, आवाजसुद्धा धडधाकट!

तपासायला कोण, तर इंजिनीअर बाई! पूल-बिल बांधायचे सोडून ही माझ्या पोटात काय शोधतेय? कमरेला पट्टा बांधून वजन मोजणाऱ्या पाट्यांवरून चालवलं. मग सोनोग्राफी. मग बारीक नळी आत लावून, गर्भाशयाचं तोंड किती ताणतं ते हलकेच ओढून बघितलं. दुखलं नाही, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई आधी सारख्या बडबडत होत्या. शेवटी तेच तेच पुन्हा मोजत बसल्या. का कोण जाणे.

१० सप्टेंबर

हॉस्पिटलातून फोन — “उद्याच डॉक्टरांना भेटा.” मला? जाऊबाईंचा फोन मला लागला असणार. आडनाव एकच ना!

११ सप्टेंबर

चूक नव्हती. मलाच बोलावलं होतं.

गर्भाशयाच्या तोंडाशी मान असते म्हणे. माझी आखूड झालीय. असायला हवी त्याच्या निम्मीच उरलीय. जाऊबाईंची ठणठणीत! हे काय उफराटं?

मी डॉक्टरांना म्हटलं, “अहो, मी रोज मुलांबरोबर पळते, माझे स्नायू—” तर म्हणाल्या, “तिथे स्नायू फारसा नसतोच. व्यायामाने ती घट्ट होत नाही, आणि नुसतं झोपून राहूनही नाही.” मग कशाने होते? इंजिनीअर बाईंनी कागदावर काढून दाखवलं. ती मान म्हणजे तंतूंची वीण. वरून बाळाचं आणि पाण्याचं वजन, आणि हिने महिनोन् महिने घट्ट राहायचं. सैल व्हायचं ते अगदी शेवटी. कुणाकुणाची आधीच सैलावते.

“कशामुळे?”

“तेच तर शोधतोय.”

घ्या! एवढे पट्टे बांधून तेच शोधताय? मला शाळेतल्या मुलांचे मोजे आठवले. वरची पट्टी सैल झाली की कितीही वर ओढा, घसरायचे ते घसरतातच. डोळ्यांत एकदम पाणीच आलं. औषध दिलंय, रोज झोपताना आतून ठेवायचं.

१४ सप्टेंबर

सासूबाई — “पायाखाली उशी घे आणि हलू नकोस.” आई फोनवर — “चालती-फिरती राहा, आम्ही नाही का शेवटपर्यंत कामं उपसली?” नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून दर तासाला नवीन शोध लावतोय. डॉक्टर — “जड उचलू नका, बाकी नेहमीसारखं.” नेहमीसारखं म्हणजे? माझं नेहमीचं म्हणजे शंभर पोरांवर ओरडणं! ओरडू का नको? आणि शिंक आली तर? हे मात्र कुणीच सांगेना. काल शिंक दाबली तर कानच दुखायला लागला.

१८ सप्टेंबर

बाळाने लाथ मारली. चांगली दोनदा. अरे राजा, हळू... खाली नको मारूस.

२५ सप्टेंबर

औषध चालू असूनही मान अजून आखूड. तोंड किंचित उघडलंय. टाका घालणार.

सासूबाई जाऊबाईंसमोरच म्हणाल्या, “अगं बाई, हिचं असं कसं? आम्हाला तर तुझीच धास्ती होती!” जाऊबाई उठून माझी बॅग भरत बसल्या. सैल गाऊन, मऊ चपला, जाड पॅड. एकही वस्तू विचारावी लागली नाही त्यांना. मला मात्र रागच आला. स्वतः ठणठणीत, आणि माझ्या बॅगेत डोकं! का आला राग? काय केलंय त्यांनी माझं?

२७ सप्टेंबर

टाका घातला. थैलीचं तोंड नाडीने आवळावं, तसा.

“धरेल ना?” मी विचारलं.

“बहुतेक,” डॉक्टर म्हणाल्या.

बहुतेक!

८ ऑक्टोबर

दुपारी पोट दगडासारखं घट्ट झालं. मी रडायलाच लागले. आत्ता येऊ नकोस रे, आत्ता आलास तर तू जगायचा नाहीस. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. जाऊबाईंनी हॉस्पिटलात फोन लावला, शेजारी बसल्या, पोटावर हात ठेवला. “सुटतंय बघ. माझ्या वेळी कळा कमरेतून यायच्या, आणि सुटायच्या नाहीत.” हॉस्पिटलात जाऊन आलो. टाका शाबूत. रिक्षात मी त्यांचा हात सोडलाच नाही.

२० ऑक्टोबर

टाका धरून आहे! डॉक्टर म्हणाल्या, आता एकेक आठवडा गेला तरी बाळाच्या पदरात पडेल. मी म्हटलं, “नशीब बाई, तुलनेसाठी का होईना, आले!”

इंजिनीअर बाई बघतच राहिल्या. “नशीब कसलं? तुलनेसाठी लागणाऱ्या बायका केव्हाच मिळाल्या होत्या. तुमच्या जाऊबाईंनी फोन करून करून गळ घातली. म्हणाल्या, धाकटीला खाली जड वाटतं, कंबर भरून येते, माझं अगदी अस्संच सुरू झालं होतं. काहीही सांगून आणते, पण तिला तपासा.”

जड वाटतं हे मी एकदा कपडे वाळत घालताना हसत हसत म्हटलं होतं. आणि विसरूनही गेले होते.

२१ ऑक्टोबर

सकाळी विचारलंच. “ताई, मला सरळ का नाही सांगितलंत?”

“माझ्या तोंडून? सगळे म्हणाले असते, हिचं गेलं, आता हिला धाकटीचं बघवत नाही.”

त्या चपला घालायला लागल्या. दारातून म्हणाल्या, “आज माझी तपासणी आहे. मागचं गेलं ते याच आठवड्यात. चल ना गं... आज खरंच भीती वाटतेय.”